गल्ल्याचा आकडा आणि परभणीचा प्रेक्षक

चित्रपट शुक्रवारी पडद्यावर येतो आणि सोमवारच्या वृत्तपत्रात त्याच्या गल्ल्याचा आकडा कोटींत छापून येतो. चित्रपट कसा आहे, या प्रश्नाची जागा तो किती कोटींचा आहे, या प्रश्नाने जवळजवळ घेतलीच आहे. पूर्वी यश आठवड्यांत सांगण्याची प्रथा होती. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (1959) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला. ‘शोले’ (1975) मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे होता. दादा कोंडके यांची कीर्ती तर रौप्यमहोत्सवांच्या संख्येवरच उभी राहिली. या दोन मापांत केवळ एककाचा फरक आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. मुंबईच्या एका प्रेक्षकाने 400 रुपये मोजले आणि परभणीच्या चौघांनी शंभर-शंभर मोजले, तर हिशेबाच्या वहीत दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. तीन माणसे मधल्यामध्ये नाहीशी होतात. आणि पुढचा चित्रपट कोणासाठी काढायचा, हे त्याच वहीवरून ठरते.

परभणीच्या बाबतीत या हिशेबाला आणखी एक जुनी गुंतागुंत आहे. हिंदी चित्रपटांच्या वितरकांनी देशाची वाटणी ज्या ‘सर्किटां’त केली, त्यांत मराठवाडा ‘निजाम’ सर्किटमध्ये पडला. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी भारतात सामील झाले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला. वितरकांच्या नकाशावर निजामाचे राज्य मात्र अबाधित राहिले! परभणी, मानवत वा गंगाखेड येथे विकलेल्या तिकिटाची जमा हैदराबाद आणि वरंगळ यांच्या पंक्तीला बसते. या जिल्ह्याच्या आवडीनिवडीचा स्वतंत्र आकडा त्यामुळे कधी डोळ्यांत भरत नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण वितरकांनी रचलेली नाही, पण त्यांच्या व्यवहाराला ती शोभते खरी.

प्रेक्षक चित्रपटगृहाकडे कशाने ओढला जातो, याचे व्यवसायाकडे ठरलेले उत्तर आहे : मोठा नट, मोठा खर्च, मोठी जाहिरात. ‘पुष्पा’चा दुसरा भाग (2024) किंवा ‘छावा’ (2025) यांच्या बाबतीत ते लागूही पडते. मात्र ज्या चित्रपटांनी या व्यवसायाला खऱ्या अर्थाने चकित केले, त्यांच्याकडे पाहिले तर हे उत्तर अपुरे वाटू लागते. ‘शोले’च्याच वर्षी आलेल्या ‘जय संतोषी माँ’मध्ये ना मोठा नट होता ना मोठे भांडवल; बाया चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर पैसे उधळीत. 1971 साली ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने दार बंद केले, ते उघडायला शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले, पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ‘माहेरची साडी’ (1991) पाहण्यासाठी खेड्यापाड्यांतून बैलगाड्या जुंपल्या गेल्या. ‘सैराट’च्या (2016) वेळी सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरला रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले, आणि त्या चित्रपटाची दोन्ही मुख्य पात्रे तोवर कोणाला माहीतही नव्हती. ‘बाईपण भारी देवा’ (2023) पाहण्यास साड्या नेसून, गट करून बायका आल्या, आणि त्याने 75 कोटींहून अधिक गल्ला केला.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. एरवी चित्रपटगृहाकडे न फिरकणारा वर्ग या चित्रपटांनी घराबाहेर काढला, आणि तो एकेकटा आला नाही, घोळक्याने आला. आळी, वाडी, भिशीचे मंडळ, वसतिगृहातील खोली ही या प्रेक्षकाची गिनती करण्याची खरी एकके होत. घरातील दूरचित्रवाणी किंवा हातातील मोबाइल कथा पुरवू शकतो. शेजारी बसून हसणारी वा डोळे पुसणारी चाळीस माणसे त्याला पुरवता येत नाहीत. ‘रामायण’ मालिकेच्या काळात (1987-88) रविवारी सकाळी ज्याच्या घरी संच असे तेथे सारी गल्ली जमे, यावरून दूरचित्रवाणीलाही तेव्हा घोळकाच लागत होता, हे आठवते.

घोळका यावयाचा तर तिकीट घोळक्याला परवडणारे हवे. 2025-26 या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली होती. 150 रुपयांचे तिकीट धरले तरी चौघांच्या कुटुंबाला 600 रुपये लागतात, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांची मजुरी. सेलू किंवा पालमहून परभणीला येण्याजाण्याचे भाडे आणि मुलांचा खाऊ वेगळा. एसटीने मार्च 2023 पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत दिली आणि ‘बाईपण’ त्याच वर्षी जूनअखेर प्रदर्शित झाला. या दोन गोष्टींचा संबंध सिद्ध करणे कठीण आहे, परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी तो नजरेआड करणार नाही. विशेष म्हणजे ते पेरणीचे दिवस होते. सोयाबीन विकून झालेले आणि कापसाचा पैसा हाती येऊ लागलेला असताना, दिवाळीच्या सुमारास, तोच चित्रपट आला असता तर या जिल्ह्यात काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

चित्रपटगृहाचा मालक मात्र वेगळ्याच पेचात सापडला आहे. पूर्वी नव्या चित्रपटाची प्रत मोठ्या शहरांत फिरून, ओरखडे घेऊन तालुक्याच्या गावी पोहोचे. आता उपग्रहामार्फत तो मुंबईच्याच शुक्रवारी येथेही येतो. हा लाभ लहान नव्हे. परंतु लवकर येणारा चित्रपट लवकर जातोही. 2009 च्या संपानंतर मल्टिप्लेक्स व निर्माते यांच्यात जो करार झाला, त्यात निव्वळ उत्पन्नातील वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, मग साडेबेचाळीस, साडेसदतीस आणि शेवटी 30 असा उतरत जातो. म्हणजे चित्रपट जितका टिकेल तितका चित्रपटगृहाचा फायदा अधिक. आजचा चित्रपट दुसऱ्या शुक्रवारीच धापा टाकू लागतो आणि साधारण आठ आठवड्यांत मोबाइलवर येतो. मालकाच्या सुगीचे आठवडे उगवतच नाहीत. मग तो पहिल्या तीन दिवसांतच दर चढवतो, घोळका घरी राहतो, आणि ‘प्रेक्षक उरला नाही’ असा निष्कर्ष निघतो. एकपडदा चित्रपटगृहे मंगल कार्यालये आणि दुकानांच्या गाळ्यांत रूपांतरित होत आहेत, त्यामागे मोबाइलइतकाच हा हिशेबही आहे. देशातील पडदे आज दहा हजारांच्या आत आहेत. तेवढ्याच लोकसंख्येच्या चीनमध्ये ते ऐंशी हजारांवर गेले आहेत.

सप्टेंबर 2025 मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्यावरील तिकिटांना 18 टक्के कायम राहिला. 150 च्या तिकिटातून सुमारे 23 रुपये कर जातो, 100 च्या तिकिटातून पाचांच्याही आत. म्हणजे दर एकतृतीयांशाने उतरवला तरी हातचे उत्पन्न पाव हिश्शानेच घटते, आणि रिकाम्या खुर्च्यांपैकी थोड्या भरल्या तरी ते भरून निघते. सातशे खुर्च्यांच्या चित्रपटगृहात साठ माणसे बसली असताना वीज, कामगार आणि यंत्र यांचा खर्च काही कमी होत नाही. हे गणित कोणत्याही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सुटेल. अडचण अशी की तिकिटाचा दर पुष्कळदा वितरकाच्या आग्रहाने ठरतो, आणि त्याला परभणीच्या खुर्च्यांपेक्षा सोमवारच्या आकड्याची चिंता अधिक असते.

शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते, ते निर्मात्याला. त्यातील थोडा अंश, वर्षातून ठरावीक आठवडे शंभराच्या आत तिकीट ठेवून मराठी चित्रपट लावणाऱ्या तालुक्याच्या चित्रपटगृहाला देऊन पाहता येईल, आणि त्याचा हिशेब रुपयांऐवजी विकलेल्या तिकिटांच्या संख्येवर मागता येईल. निदान खेळाच्या वेळांना तरी पैसा लागत नाही. जिंतूर किंवा सोनपेठच्या बाईला सहाचा खेळ सोयीचा नसतो; तो सुटेपर्यंत गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते. तिच्यासाठी दुपारी बाराचा खेळ हवा, आणि तोही बाजाराच्या दिवशी.