हृदयाचे प्रगतिपुस्तक

शाळेतून प्रगतिपुस्तक घरी जाते आणि पालकांची सही होऊन परत येते. सही नसेल तर वर्गशिक्षक ते पुन्हा धाडतात. यामागील तत्त्व साधे आहे. गुण नोंदविणे हे अर्धेच काम; ते कोणी वाचले, त्यांचा अर्थ जाणला आणि पुढे काय करावयाचे हे ठरविले, म्हणजे ते पुरे होते. हृदयाच्या तपासणीस मात्र हा नियम आपण क्वचितच लावतो. कागद हाती पडतो, पिशवीत जातो, पिशवी खुंटीवर जाते आणि घरातील मंडळी रुग्णालयाच्या निरोपाची वाट पाहात बसतात.

आमचे इच्छापोर सुरत-हजिरा रस्त्यावर. कारखान्यांच्या आणि हिऱ्यांच्या कामानिमित्त अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली. मोठी सार्वजनिक रुग्णालये मात्र तापीच्या पलीकडे: मजुरा गेटची नवी सिव्हिल आणि उमरवाड्यातील महापालिकेचे 'स्मीमेर'. एका खेपेत दिवस मोडतो, रोजंदारीच्या माणसाची मजुरीही बुडते. तरीही पहिली खेप होते, कारण ती भीतीपोटी होते. अवघड असते ती दुसरी खेप. तोवर छातीतील कळ थांबलेली असते, आणि कळ थांबली की आजारही थांबला, असे मन सांगू लागते.

आमच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांची हकीकत सांगतो. जिना चढताना दम लागतो म्हणून त्यांचा एको काढला गेला. अहवाल इंग्रजीत होता. खिडकीवरील कर्मचाऱ्याने सांगितले, "काका, साहेब फोन करशे." फोन आला नाही. तीन आठवडे लोटले. पायांवर सूज दिसू लागली, रात्री उशाला दोन उशा घेतल्याखेरीज झोप येईना. हे सारे गॅसचे म्हणून ओवा आणि हिंग यांवर निभावत होते. अखेर वहिनी ती पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. "भाऊजी, यात काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा," म्हणाल्या. आम्ही मराठीचे पदवीधर, वैद्यकाचे नव्हे. परंतु 'इजेक्शन फ्रॅक्शन ३५' हा आकडा वाचता आला. अर्थ सांगण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. जो सांगू शकेल त्याच्यासमोर कागद ठेवणे तेवढे हाती होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उभयतांसह आम्ही बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहिलो. डॉक्टरांनी अहवाल पाहिला, औषधे बदलली, मिठावर बंधन घातले आणि पुढील तारीख लिहून दिली. फोनचा उलगडाही तेथेच झाला. केसपेपरवर मुलाचा जुना, बंद पडलेला मोबाईल क्रमांक होता. महिन्याभरात गृहस्थ एका उशीवर झोपू लागले. दैव अनुकूल म्हणून तीन आठवडे निभावले. प्रत्येकाचे निभावतेच असे नाही.

या आकड्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते, कारण सुशिक्षित घरांतही त्याचा विपर्यास होतो. हृदयाचा डावा कप्पा भरला असता त्यातील शंभरापैकी किती भाग रक्त एका ठोक्यात बाहेर टाकले जाते, ते हा आकडा सांगतो. निरोगी हृदयही सर्व रक्त टाकीत नाही. साधारण ५५ ते ७० हे प्रमाण चांगले गणले जाते. तेव्हा '६०' पाहून "चाळीस गुण गेले" म्हणून घाबरू नये. आणि ४० वा त्याहून कमी असेल तर "पस्तीसला पास" ही शाळेतील समजूतही येथे चालत नाही.

ई.सी.जी.ची गोष्ट थोडी निराळी. तो त्या घटकेपुरता असतो. विश्रांतीच्या वेळचा आलेख निर्दोष असूनही रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो. उलट, कागदाच्या माथ्यावर यंत्राने छापलेला 'अ‍ॅबनॉर्मल' हा शेरा म्हणजे अंतिम निदान नव्हे. डॉक्टरांनी तो आलेख स्वतः पाहावा लागतो. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी हे तंत्र सिद्ध केले व त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे यंत्र एवढे अवजड होते की ते रुग्णालयात नेणे शक्य नव्हते. म्हणून १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून रुग्णाच्या हृदयाचे स्पंदन टेलिफोनच्या तारेने प्रयोगशाळेत आणविले. रोगी आणि जाणकार यांमधील अंतर तोडल्याखेरीज आलेखाला अर्थ नाही, हे त्या काळीही उमगले होते. आज यंत्र पिशवीत मावते. अंतर मात्र आपणच राखतो.

म्हणून तपासणीची खोली सोडण्यापूर्वी चार प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. अहवालात काय निघाले? पुढे कोणास व कोणत्या तारखेस दाखवावयाचे? तोवर कोणती औषधे चालू ठेवावयाची? त्रास वाढल्यास कोठे यावयाचे? गुजराती बोलण्याचा संकोच वाटत असल्यास घरातील शाळकरी मुलास बरोबर न्यावे. या भूमीत वाढलेली आपली मुले दोन्ही भाषा लीलया बोलतात. सांगितलेल्या दिवसांत निरोप न आल्यास आपण होऊन जावे. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

कागदांची निगाही तितकीच महत्त्वाची. ई.सी.जी.चा गुळगुळीत कागद बहुधा उष्णतेने उमटणारा असतो. काही काळाने त्यावरील रेषा पुसट होतात. त्याची झेरॉक्स लगेच काढावी. लॅमिनेशन करू नये, उष्णतेने तो काळा पडतो. सर्व अहवाल तारखेच्या क्रमाने एका फायलीत लावावेत. जुन्या आलेखाशी ताडून पाहिल्यानेच नवा बदल डॉक्टरांच्या ध्यानी येतो.

खर्चाचीही चिंता असते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान योजनेचे कार्ड देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, ती योजना खुली झाली. घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा औषधोपचारही तीत समाविष्ट आहे. मात्र दाखल न होता केलेली बाह्यरुग्ण तपासणी सामान्यतः तीत येत नाही. ती तजवीज आपणच करावयाची.

तारीख हाती असली तरी काही वेळी तिची वाट पाहू नये. छातीवर दडपण, हात वा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, एकाएकी धाप, भोवळ, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ १०८ ला फोन करावा. गुजरातेत ही सेवा २००७ पासून आहे. स्त्रियांत, वृद्धांत व मधुमेह्यांत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो, हेही ध्यानी असावे.

आणि आजच, दिवेलागणीनंतर, घरातील वडीलधाऱ्यांची फाईल काढून केसपेपरवरील मोबाईल क्रमांक पाहावा. तो चालू आहे ना?