छर्ऱ्याच्या बंदुकीत चिप: एअरगनचं पुढचं तंत्रज्ञान आणि चंदगडच्या पोरांच्या कामाचं काय?

इन्स्टावर एअरगनचं एक रील शेवटपर्यंत बघितलं, की पुढचे आठ दिवस फीडमध्ये तेच येत राहतं. कार्बन फायबरची काळी बाटली लावलेली लांबलचक बंदूक, बाजूला छोटा टचस्क्रीन, शंभर मीटरवरचा टोमॅटो फुटतो आणि खाली कमेंट: 'भावा, किंमत?'

चंदगड तालुक्यातून अशी कमेंट टाकणारी पोरं साधारण दोन प्रकारची असतात. एकाला स्वप्नील कुसाळेसारखं मेडल हवंय. दुसऱ्याच्या काजूच्या बागेत माकडं आणि भातात रानडुकरं शिरतात, त्याला हातात 'काहीतरी' हवंय. दोघं एकच रील बघतात. पण एअरगनच्या डिझाइनमध्ये सध्या जे बदल होतायत, ते या दोघांना अगदी वेगळ्या दिशेला नेतात. त्यामुळे किंमत विचारायच्या आधी आतमध्ये काय चाललंय ते बघू.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलनं ब्राँझ जिंकलं ते 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये. ती एअरगन नाही. त्यात .22 बोअरची, बारुदाचं काडतूस असलेली रायफल असते आणि तिला परवाना लागतो. 2010 मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंतही 50 मीटरचीच (प्रोन), आणि राही सरनोबत 25 मीटर पिस्तूलची. मात्र आपल्याकडे नवीन पोरगा किंवा पोरगी रेंजवर जाते तेव्हा सुरुवात बहुतेक वेळा 10 मीटरवरून, हवेच्या बंदुकीनंच होते. दुधाळीच्या रेंजवर काय किंवा पुण्याच्या बालेवाडीत काय, पहिला धडा छर्ऱ्याचाच.

सायकलच्या पंपापासून गॅसच्या रेग्युलेटरपर्यंत

जत्रेत फुगे फोडायला असते ती बंदूक स्प्रिंगची. नळी मोडून वाकवली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो आणि त्याच्यापुढची हवा छर्ऱ्याला ढकलते. म्हणजे सायकलचा पंप, फक्त अतिशय जोरात मारलेला. गोची अशी की तो जड पिस्टन छर्रा नळीच्या बाहेर पडायच्या आधीच पुढे आदळतो, त्यामुळे बंदूक हलते. तुम्ही नेम कितीही चांगला धरा, छर्रा निघेपर्यंत नळीचं तोंड जागेवर राहिलेलं नसतं.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे स्टीलच्या स्प्रिंगऐवजी बंद नळकांड्यात भरलेला नायट्रोजन. हॅचबॅक गाडीच्या डिकीला जो गॅसचा शॉकर असतो, तेच तत्त्व. स्प्रिंगचा खडखडाट कमी होतो आणि ती थकून ढिली पडत नाही. अशा बंदुका आता आपल्याकडेही बनतात. अंबरनाथची प्रिसिहोल ही खोल, सरळ भोकं पाडणाऱ्या मशीनच्या धंद्यातून एअर रायफलकडे आली. त्याच्याही आधी मुंबईची इंडियन ह्यूम पाइप कंपनी, हो, पाण्याचे पाइप बनवणारीच, 'आयएचपी' नावानं एअर रायफल बनवायची. नळी सरळ करता आली की निम्मं काम झालं, असं या धंद्यात दिसतं.

खरी उडी मात्र पीसीपीची. यात हवा आधीच सिलिंडरमध्ये भरून ठेवलेली असते, मॅच रायफलमध्ये साधारण 200 बार दाबानं. बाइकच्या टायरमध्ये आपण तीसेक पीएसआय भरतो. 200 बार म्हणजे जवळपास 2,900 पीएसआय. चाप ओढला की एक व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, थोडी हवा सुटते, छर्रा जातो. आत जड पिस्टन नाही, त्यामुळे झटका जवळजवळ नाही. पण नवीन अडचण अशी की प्रत्येक शॉटनंतर सिलिंडरमधला दाब उतरतो, मग पहिला छर्रा आणि पन्नासावा छर्रा एकाच वेगानं कसा जाणार? म्हणून मधे रेग्युलेटर बसवतात. घरातल्या गॅस सिलिंडरवर असतो तसाच: टाकी भरलेली असो की संपत आलेली, बर्नरला गॅस एकाच दाबानं.

याच्या पुढची पायरी चिपची. ब्रिटनच्या डेस्टेट कंपनीच्या डेल्टा वुल्फ मॉडेलमध्ये व्हॉल्व्ह हातोडीनं उघडत नाही, विजेच्या झटक्यानं उघडतो. नळीच्या तोंडाशी वेग मोजणारं यंत्र आहे, त्याचा आकडा थेट कंट्रोल बोर्डाकडे जातो आणि सेटिंग टचस्क्रीनवर होतं. पेट्रोलच्या बाइकमध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, तोच हा बदल. रीलमध्ये दिसते ती बंदूक बहुतेक या जातीतली.

ताकदीला मर्यादा आहे, ती समजून घ्या

अमेरिकेत सध्याची हौस मोठ्या बोअरची आहे. एअरफोर्सची टेक्सन, उमारेक्सची हॅमर अशा हवेच्या रायफली तिकडे मोठ्या शिकारीसाठी विकल्या जातात. यूट्यूबवरचा बराचसा 'फ्युचर ऑफ एअरगन' हाच आहे. आपल्याकडे मात्र तो दरवाजा बंद आहे.

आर्म्स रूल्स 2016 नुसार एअरगनची ऊर्जा 20 जूलपेक्षा जास्त असेल किंवा बोअर .177 (म्हणजे 4.5 मिमी) पेक्षा मोठा असेल तर परवाना लागतो. दोन्हीपैकी एक अट मोडली तरी पुरे. जूलचा हिशोब शाळेतलाच आहे: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. 0.53 ग्रॅमचा मॅचचा छर्रा सेकंदाला 170 मीटर वेगानं गेला तर ऊर्जा होते साडेसात जूलच्या आसपास. तोच 275 मीटरनं गेला की 20 जूल झालेच. वेग दीडपटीपेक्षा थोडा जास्त वाढला, ऊर्जा अडीचपटीच्या वर गेली. जर्मनीत विनापरवाना मर्यादा साडेसात जूलची आहे, ब्रिटनमध्ये रायफलसाठी 12 फूट-पाउंड, म्हणजे साधारण 16 जूल. त्या मानानं आपली मर्यादा ढिलीच म्हणायची.

मला इथे एक गोष्ट खटकते. 2016 च्या आधी आपल्याकडची चाचणी गावठी पण कुठेही करता येण्यासारखी होती: पाच फुटांवरून मारलेला छर्रा एक इंच जाडीच्या मऊ लाकडाच्या फळीतून आरपार जाता कामा नये. जूल डोळ्यांना दिसत नाहीत. 18 जूलची आणि 40 जूलची पीसीपी टेबलावर शेजारी ठेवली तर तालुक्याच्या ठाण्यातला हवालदारच काय, मीही फरक सांगू शकणार नाही. आणि चिपवाल्या बंदुकीत तर तीच बंदूक सेटिंग बदलून दोन्ही होऊ शकते. यावरचा उपाय गंमत म्हणजे तंत्रज्ञानातूनच आलाय. स्वीडनच्या एफएक्स कंपनीनं काडेपेटीएवढा नाही पण खिशात मावेल असा रडारवाला वेगमापक आणला, तो ब्लूटूथनं फोनला जोडतो आणि प्रत्येक छर्ऱ्याचा वेग स्क्रीनवर दाखवतो. मर्यादा जूलमध्ये लिहायची असेल तर असं यंत्र दुकानात आणि ठाण्यात दोन्हीकडे असायला हवं.

सव्वा मिलिमीटरचा खेळ

आता मेडलवाल्या पोराकडे येऊ. त्याच्यासाठी ताकद हा मुद्दाच नाही. 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. एका शॉटला जास्तीत जास्त 10.9 गुण. 2023 मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियाडमध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, दिव्यांश पन्वर आणि ऐश्वर्य तोमर यांच्या संघानं 1893.7 गुणांचा जागतिक विक्रम केला. तिघांचे मिळून 180 शॉट, म्हणजे सरासरी 10.52. छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आसपास! इथे रायफलला काम एकच: नेमबाजाच्या आणि टार्गेटच्या मधे काही गडबड करू नये.

म्हणून या बाजूची सुधारणा कंटाळवाणी वाटते, पण तीच कामाची आहे. इलेक्ट्रॉनिक चाप घ्या. मोरिनी, स्टायर यांच्या पिस्तुलांमध्ये तो आहे. यांत्रिक चापात धातूवर धातू घासतो, झिजतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये चाप हे फक्त बटण. पिस्तूलसाठी चापाचं वजन किमान 500 ग्रॅम हवं हा नियम आहेच. हाताच्या ठशाप्रमाणे थ्रीडी प्रिंट केलेल्या मुठी येतायत. आणि सरावासाठी नळीवर बसणारा कॅमेरा किंवा सेन्सर: स्कॅट, मँटिस अशी नावं ऐकली असतील. नेम कुठून आला, कुठे थरथरला, चाप ओढताना कुठे घसरला याची रेघ स्क्रीनवर उमटते. छर्रा न मारता, घरच्या भिंतीसमोर सराव होतो. चंदगडहून कोल्हापूरची रेंज शंभर किलोमीटरच्या पुढे. बेळगाव जवळ आहे पण ते दुसरं राज्य. अशा पोरासाठी टचस्क्रीनवाल्या बंदुकीपेक्षा हा सेन्सर जास्त क्रांतिकारक आहे, असं माझं ठाम मत.

पण सर्किट आणि नाजूक भाग वाढले की दुरुस्तीही लांब जाते. जुलै 2021 मध्ये टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मधेच बिघडलं. दुरुस्तीत मिनिटं गेली, 575 गुणांवर ती बारावी आली आणि फायनल हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं त्याच प्रकारात ब्राँझ घेतलं, ते वेगळं. ऑलिम्पिकमध्ये निदान तंत्रज्ञ शेजारी असतो. तालुक्याच्या गावात दोन-अडीच लाखांच्या जर्मन रायफलचं सील गेलं तर ती कुठे पाठवणार, हे विकत घ्यायच्या आधी विचारायचा प्रश्न आहे.

तसाच प्रश्न हवेचा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारपर्यंत जातो, त्यानं 200 बार भरत नाही. हातपंप असतो, पण त्यावर लोंबकळायला लागतं. आता गाडीच्या 12 व्होल्ट बॅटरीवर चालणारे छोटे हाय-प्रेशर कॉम्प्रेसर मिळायला लागलेत, ही माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यात उपयोगी वस्तू. फक्त चंदगडचा पाऊस लक्षात ठेवा. जुलैतली ओली हवा दाबली की तिच्यातलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि आतून गंज धरतो. ओलावा शोषणारा फिल्टर नसेल तर भरू नका. स्पर्धेत सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची धरतात, सेकंडहँड घेताना त्यावर ठोकलेली तारीख आधी बघा.

छर्राही बदलतोय. तो शिशाचा असतो आणि शिसं विषारी आहे. युरोपियन युनियननं फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागांवर शिकारीच्या शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी घातली. कथिलाचे छर्रे मिळतात, पण ते हलके आणि महाग, त्यामुळे मॅचमध्ये अजून शिसंच चालतं. मॉडर्न पेंटाथलॉननं तर छर्राच काढून टाकला: लंडन 2012 पासून ऑलिम्पिकमध्ये तिथे लेझर पिस्तूल आहे. आपल्या शाळांमध्ये नेमबाजी शिकवायची असेल तर मी सुरुवात तिथूनच करेन. तोपर्यंत छर्रे हाताळून झाले की भाकरीला हात लावायच्या आधी साबणानं धुवा.

आणि बागेतली माकडं?

दुसऱ्या पोराला सरळ सांगतो: यातलं काहीही तुझ्यासाठी बनवलेलं नाही. विनापरवाना मिळणाऱ्या एअरगननं रानडुक्कर मरत नाही, जखमी होतं आणि चिडतं. चंदगडच्या शेतात उतरणाऱ्या हत्तीवर छर्रा मारणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नसावी. पक्षी टिपणं, मग तो पारवा असो की धनेश, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली गुन्हा ठरतो, आणि रील टाकलं की पुरावा आपणच दिला. त्यात चंदगडचं सुमारे 225 चौरस किलोमीटर जंगल आता संवर्धन राखीव आहे. अरुणाचलमध्ये मार्च 2021 ला लुमडुंग गावातून एअरगन परत करायची मोहीम सुरू झाली, कारण घरटी एक बंदूक झाली आणि जंगलात पक्ष्यांचा आवाज कमी झाला. लोकांनी हजाराहून जास्त एअरगन स्वतःहून जमा केल्या.

'मग बंदूक नको, पाइपात कार्बाइड भरून बार काढू' असंही डोक्यात येईल. दिवाळी 2025 मध्ये मध्य प्रदेशात त्याच कार्बाइड गननं कितीतरी मुलांचे डोळे गेले. पीक गेलं असेल तर वन खात्याकडे पंचनामा करून भरपाई मागा. पैसे यायला वेळ लागतो, मान्य. त्या काळात बागेत उपयोगी पडतो तो सेन्सरवर पेटणारा सोलर दिवा, आवाजाचं यंत्र आणि राखणीला बसलेली दोन माणसं.

रेंजवर जायचं असेल तर बंदूक विकत घेऊन जाऊ नका. आधी क्लबची वापरा. सहा महिन्यांनंतरही 10 मीटरवरच्या त्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याची ओढ टिकली असेल, तेव्हा किंमत विचारा.