भिवंडीचे माग आणि पेटीतले रंग
भिवंडीतल्या यंत्रमागांवर पाळीगणिक किती मीटर कापड निघालं, याची सरासरी काढली की सारखा धागा तुटून अडणारा माग तिच्यात दडून जातो. अशा आकड्यांसाठी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांचा बॉक्स प्लॉट उत्तम: पेटीत मधले निम्मे आकडे, आत मध्यकाची रेघ आणि पेटीच्या कडेपासून तिच्या उंचीच्या दीडपटीपलीकडे गेलेले आकडे सुटे. ‘आर’ या संगणकभाषेत तो एका ओळीत निघतो, पण पेट्या सगळ्या करड्या (२०२० च्या ४.० आवृत्तीआधी तर पांढऱ्याच) आणि सुटे आकडे पोकळ वर्तुळं. मग दिवसपाळी-रातपाळी ओळखायची कशी? आज्ञेतल्या ‘कोल’ (col) या पर्यायाला दोन रंग द्या, ते पेट्यांना आळीपाळीने लागतात, ‘आउटपीसीएच’ला (outpch) ४ दिलं की वर्तुळाची फुली होते. लाल-हिरवी जोडी मात्र टाळा, कित्येक पुरुषांना तो फरक दिसतच नाही, निळा-नारिंगी बरा. रंगांचे हे लाड मला मान्य आहेत. ‘आउटलाइन’ (outline) हा पर्याय बंद करून सुटे आकडेच गायब करणं मान्य नाही. आलेख देखणा होतो खरा, पण जो माग दुरुस्त करायचा तोच त्यातून नाहीसा होतो. फुल्या राहू द्या.