व्हायवा ही औपचारिकता नव्हे

‘दोन्ही रिपोर्ट चांगले आलेत ना? मग आता उरलंय काय? व्हायवा म्हणजे निव्वळ औपचारिकता.’ पीएच.डी.चा प्रबंध जमा केलेल्या प्रत्येकाला हा दिलासा कोणी ना कोणी देतोच. हेतू चांगला असतो, पण समजूत घातक आहे. तिच्यामुळे संशोधकाचे नुकसान होते आणि पदवीची पतही जाते.

या समजुतीच्या बाजूचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ. प्रबंध गाइडने वाचलेला असतो आणि किमान दोन बाहेरच्या परीक्षकांनी तपासलेला असतो. त्यांनी शिफारस केल्यावर तासाभराच्या तोंडी परीक्षेत निकाल फिरणे जवळपास अशक्य. दुसरे, ज्याने चार-पाच वर्षे खपून प्रबंध लिहिला त्याला वेगळी तयारी कशाला हवी? आणि तिसरे, परीक्षक व्यग्र असतात. तारीख त्यांच्या सवडीनेच ठरणार. तिन्ही मुद्दे वरवर पटतात, पण एकही टिकत नाही.

पहिला मुद्दा घेऊ. रिपोर्ट प्रबंधाची पारख करतो, व्हायवा संशोधकाची. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे आधीपासून होते. एआयने ते काम आणखी सोपे केले. पाने कितीही सुबक असली तरी ती कोणी लिहिली हे पानांवरून कळत नाही. समजा, बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांवरचा प्रबंध आहे. परीक्षक विचारतात, ‘मुलाखती घेताना मुकादम तिथे होता का?’ प्रश्न साधा आहे. पण उचल देणारा मुकादम समोर उभा असेल, तर कर्ज, मजुरी, आजारपण यांबद्दल बाई मोकळेपणाने बोलणार नाही. जी संशोधक स्वतः कोप्यांवर गेली, ती सांगेल की पहिल्या काही मुलाखती फडातच, मुकादमासमोर झाल्या, उत्तरे ठरावीक येऊ लागली, म्हणून पुढच्या संध्याकाळी चुलीपाशी बसून घेतल्या. जी गेलीच नाही, तिला पद्धतिशास्त्राच्या प्रकरणातला परिच्छेद पुन्हा म्हणून दाखवावा लागेल. कोणताही रिपोर्ट हा फरक दाखवू शकत नाही. निकाल सहसा फिरत नाही हे खरे. पण तो असे प्रश्न विचारलेच जात नाहीत याचा पुरावा आहे, व्हायवा निरुपयोगी असल्याचा नव्हे.

दुसरा मुद्दा तयारीचा. प्रबंध जमा करणे आणि व्हायवा यांच्यामध्ये महिने जातात. दरम्यान उमेदवार कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवू लागलेला असतो आणि तिसऱ्या प्रकरणातला तक्ता नेमका काय सांगतो हे त्यालाही आठवत नाही. शिवाय लिहिणे वेगळे आणि समोरासमोर उत्तर देणे वेगळे. म्हणून तयारी हवी, आणि ती प्रबंधापासूनच सुरू व्हावी. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तो परक्याच्या नजरेने वाचावा. प्रत्येक प्रकरणाचा गाभा एका कागदावर उतरवावा. सापडलेल्या चुकांचे शुद्धिपत्र स्वतःच तयार ठेवावे. रिपोर्टमधल्या प्रत्येक शंकेचे उत्तर पान क्रमांकासह लिहून काढावे. आपल्या कामाच्या मर्यादा कोणत्या आणि प्रबंध जमा झाल्यानंतर त्या विषयावर नवे काय प्रसिद्ध झाले, हे माहीत असावे. सादरीकरणात परिच्छेदच्या परिच्छेद पडद्यावर टाकून वाचू नयेत. वेगळ्या विषयातल्या चार जणांसमोर एकदा सराव करावा, कारण मुळावर बोट ठेवणारे प्रश्न तेच विचारतात. आणि एखादी गोष्ट अभ्यासलेली नसेल तर तसे सरळ सांगावे. त्याने कमीपणा येत नाही.

तिसरा मुद्दा तारखेचा, आणि सर्वांत जास्त अन्याय इथेच होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार प्रबंध जमा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत व्हायवाच्या निकालासह सारी प्रक्रिया पूर्ण व्हायला हवी. व्हायवा ऑनलाइन घेण्याचीही मुभा आहे. तेव्हा परीक्षकांच्या सवडीची सबब चालणार नाही. तरीही तारीख लांबत जाते, आणि या विलंबात प्रोव्हिजनल प्रमाणपत्र हाती नसल्याने जाहिराती निघून जातात, मुलाखती हुकतात. आणि महिनोन्‌महिने थांबवल्यावर अचानक फोन येतो, ‘परवा व्हायवा आहे.’ मग उमेदवार प्रबंध उघडण्याऐवजी हॉल, प्रोजेक्टर, परीक्षकांची राहण्याची सोय, जेवण आणि शाल-श्रीफळ यांच्या मागे धावतो. परीक्षार्थ्यानेच परीक्षकाची सरबराई करायची, हा पायंडा परीक्षेच्या मुळावर येणारा आहे. ती जबाबदारी विभागाची, खर्च विद्यापीठाचा.

मग व्हायवा कशी असावी? आपल्या न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता नुसते खोडून काढण्यासाठी वितंडा. व्हायवा यातला वाद व्हावी. त्यासाठी तारीख किमान तीन आठवडे आधी लेखी कळवावी आणि रिपोर्टही तेव्हाच संशोधकाच्या हाती द्यावेत. स्वीडनमध्ये प्रबंध साधारण तीन आठवडे आधी जाहीर करतात, त्याची प्रत अक्षरशः खिळ्याने ठोकून लावतात, म्हणजे ज्याला प्रश्न विचारायचा त्याला वाचून येता येते. आपल्याकडे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो तो व्हायवा झाल्यावर. मग सभागृहात बसलेल्यांनी काय वाचून प्रश्न विचारावेत? विनियमांनी व्हायवा विभागातील अध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना खुली ठेवली आहे. निदान सारांश आधी सर्वांना मिळाला तरच त्या खुलेपणाला अर्थ येईल. आणि प्रश्न संशोधकाला विचारला असेल तर उत्तर त्यालाच देऊ द्यावे. गाइडने मध्ये पडून उत्तर दिले की परीक्षा गाइडची होते.

संशोधक मित्रांनो, कोणी ‘औपचारिकता’ म्हणाले तरी तुम्ही तयारी करा. तुमच्या कामाबद्दल तुम्हाला जाब विचारण्याचा हक्क समाजाला आहे आणि तो देण्याचा मान तुमचा आहे. आणि विद्यापीठांना एवढेच सांगणे आहे: नियम तुमच्याकडे आहेत, मुदत ठरलेली आहे. तारीख वेळेवर द्या आणि प्रश्न विचारू द्या.