नाही आणि वाचलेच नाही

(स्तंभ : कळफलक)

विहिरीवरच्या मोटेबद्दल एक परिच्छेद लिहायचा होता. चामड्याची भरलेली मोट वर येऊन जिथे रिकामी होते, त्या दगडी कुंडाला थारोळे म्हणतात. ते पाणी पाटाला कसे लागते, हे मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बांधावर बसून सांगितले होते आणि मी घरी येऊन ते टिपून ठेवले होते. कधी, ते आठवेना. कुठल्या फायलीत, तेही आठवेना. फायलींना नावे देण्यात मी पहिल्यापासून आळशी. 'विविध', 'विविध 2', 'मंगळवार' असलीच सगळी नावे. आठवत होता तो एकच शब्द. आठवणीची हीच तऱ्हा असते. नाव, तारीख, जागा सगळे सांडून जाते आणि एखादा आडवळणी शब्द तेवढा हाताशी राहतो.

शोधाच्या चौकटीत 'थारोळे' टंकले. उत्तर आले, काही सापडले नाही. इतकी वर्षे मी या उत्तराचा अर्थ 'तुझ्याकडे ते नाही' असाच घेत आलो. यंत्राला मात्र म्हणायचे असते की 'मी जेवढे वाचले, त्यात नाही.' आणि त्याने किती वाचले, हे आपण कधी विचारत नाही. आजचा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

संगणकात मजकूर शोधण्याच्या रीती दोन. पहिली सरळ आणि कष्टाची : विचारले की प्रत्येक फाईल उघडायची आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचायची. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी 1973 च्या सुमारास युनिक्ससाठी लिहिलेला 'ग्रेप' हा प्रोग्राम असेच करतो, आणि आजही उत्तम करतो. पण त्याला साधा मजकूर लागतो. पीडीएफच्या किंवा वर्डच्या पोटात तो शिरत नाही. शिवाय प्रत्येक प्रश्नाला सगळी दप्तरे नव्याने उपसायची, म्हणजे फायली वाढल्या की वाट पाहणेही वाढते.

दुसरी रीत : आधी एकदा सगळे वाचून सूची करून ठेवायची आणि नंतर फक्त सूचीत पाहायचे. मराठी पुस्तकांच्या वाचकाला हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपल्याकडे पुढे अनुक्रमणिका असते आणि मागे शब्दसूची बहुधा नसते. गाथेच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे यादी असते, पण ती पहिल्या चरणाची. मधलाच चरण आठवत असेल तर पाने उलटत बसा. फायलीच्या नावावरून शोधणे म्हणजे हेच, पहिला चरण ठाऊक असेल तरच उपयोग. पूर्ण मजकुराच्या सूचीत प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या फायलींत, कितव्या जागी आला आहे, याची नोंद असते. फाईल उघडून शब्द पाहण्याऐवजी शब्द उघडून फाईल पाहायची, म्हणून तिला उलटी सूची म्हणतात.

माझ्या लिनक्सच्या संगणकावर हे काम 'रिकॉल' नावाचा मुक्त प्रोग्राम करतो. त्याला शोधाची खिडकी आहे, पण वाचनाचे काम 'रिकॉलइंडेक्स' या वेगळ्या आज्ञेकडे आहे. काळ्या पडद्यावर हा एक शब्द टंकायचा आणि एन्टर दाबायचा. कोणते फोल्डर वाचायचे आणि कोणते वगळायचे, हे आधी एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवता येते. मी लेखांचे, कात्रणांचे आणि टिपणांचे अशी तीन फोल्डरे लिहिली. बँकेची कागदपत्रे मुद्दाम बाहेर ठेवली. पहिल्या वेळी चहा करून, पिऊन, कप विसळून होईपर्यंत तो वाचतच होता. दुसऱ्या वेळेपासून तारीख आणि आकार पाहून तो बदललेल्या फायलीच वाचतो, त्यामुळे पाण्याचा ग्लास संपायच्या आत मोकळा. रोज रात्री आपोआप वाच असे सांगायचे असेल, तर 'क्रॉन' हा युनिक्सचा जुना पहारेकरी आहेच.

मॅक वापरणारे म्हणतील, आमच्याकडे 2005 पासून स्पॉटलाइट आहे, बसल्या जागी सापडते. विंडोजवाले तेच म्हणतील. खरे आहे. हे कारभारी गुपचूप वाचतात, गुपचूप वगळतात आणि समोर ठेवतात ती फक्त शोधाची चौकट. वाचणे आणि शोधणे ही दोन कामे एका चौकटीत इतकी मिसळून जातात की पहिले काम असते, हेच आपण विसरतो. आज्ञेचा फायदा मला वेगापेक्षा यात दिसतो. ती मीच देतो. वाचन सुरू झाल्याचे मला कळते, संपल्याचे कळते, आणि कुठे अडले तेही विचारता येते.

मी पुन्हा 'थारोळे' विचारले. पुन्हा शून्य. हा दोष मात्र यंत्राचा कमी आणि मराठीचा अधिक. रिकॉलच्या पोटात 'झॅपियन' हे शोधयंत्र आहे. त्याचे मूळ केंब्रिजच्या मार्टिन पोर्टर यांच्या कामात सापडते. त्यांनी 1980 मध्ये इंग्रजी शब्दांची शेपटे छाटण्याची एक पद्धत मांडली. 'कनेक्टेड', 'कनेक्टिंग' यांची शेपटे छाटली की 'कनेक्ट' उरते आणि एक विचारले तरी सगळी रूपे सापडतात. मराठीत नुसते शेपूट छाटून भागत नाही, कारण प्रत्यय लागायच्या आधीच शब्द अंग बदलतो. पाऊस पडतो, पण भिजतो आपण पावसात. देऊळ गावात असते आणि देव देवळात. शाळेत ज्याला सामान्यरूप म्हणून आपण वैतागलो, त्याने इथे पुन्हा गाठले. 'थारोळे' माझ्या टिपणात बहुधा 'थारोळ्यात' होऊन बसले असणार.

उपाय साधा आहे. शब्दाचा न बदलणारा भाग लिहून पुढे फुली मारायची, म्हणजे तारांकन द्यायचे. 'थारोळ' आणि तारा. यात एक जुनी अडचणही सुटते. 1962 चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीच्या मजकुरात 'थारोळें', 'नांव', 'कांहीं' अशी अनुस्वारांची पेरणी असते. 'नाव' विचारणाऱ्याला 'नांव' सापडत नाही. 'थारोळ' विचारणाऱ्याला दोन्ही थारोळी सापडतात. मात्र 'पाव' लिहून तारा दिला, तर पावसासोबत पावती, पावभाजी आणि पावणेदोनही येतात. तारा कुठे मारायचा, हे मराठी कळणाऱ्यानेच ठरवायचे.

या वेळी उत्तरे आली, आणि मी पाहतच राहिलो. कात्रणांच्या फोल्डरातून एकामागून एक बातम्या : 'रक्ताच्या थारोळ्यात'. मोटा गेल्या, थारोळी बुजली, आणि शब्द विहिरीवरून उठून गुन्हेगारीच्या पानावर राहायला गेला. विहिरीचे थारोळे मात्र कुठेच नव्हते. 'मोट' हा शब्द जोडून पाहिला, तरी नाही.

मग मी यंत्राला तो दुसरा प्रश्न विचारला : काय वाचले नाहीस? रिकॉल सगळे प्रकार स्वतः वाचत नाही. अनेक प्रकारांसाठी त्याला मदतनीस प्रोग्राम लागतात, आणि जो मदतनीस यंत्रावर नाही, त्याची तो नोंद ठेवतो. त्या यादीत 'अँटिवर्ड' होते. जुन्या वर्डच्या फायली उघडणारा हा छोटा मदतनीस मी कधी घेतलाच नव्हता. म्हणजे विंडोज एक्सपीच्या काळात मंगल फॉन्टमध्ये टंकलेली माझी कितीतरी टिपणे सूचीच्या बाहेर, दाराशी ताटकळत उभी होती. अँटिवर्ड घेतले आणि नापास फायली पुन्हा वाचण्याचा पर्याय देऊन आज्ञा चालवली. 'विविध 2' मधून म्हातारबाबा बोलू लागले : मोटेचे पाणी थारोळ्यात पडते, थारोळ्यातून पाटाला लागते.

गोष्ट इथे संपवली असती, तर ती यंत्राची जाहिरात झाली असती. पण न वाचण्याचेही तीन प्रकार आहेत, आणि यादीत येतो तो फक्त पहिला : वाचता आले नाही आणि तसे कबूल केले.

दुसरा प्रकार : वाचले, पण आत शब्दच नव्हते. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. यंत्र ती बिनतक्रार उघडते, आत एकही अक्षर सापडत नाही, आणि पुढे जाते. तिला अक्षरे ओळखणारा प्रोग्राम लागतो. 'टेसरॅक्ट' मराठी ओळखतो आणि रिकॉलला जोडताही येतो, पण ते आपण सांगायचे असते, तो आपणहून करत नाही. जुन्या छपाईत घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत तो करणारच, हे धरून चालायचे.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट : वाचले, पण भलतेच वाचले. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'शेतकरी' दिसतो, आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हांचा खिचडा असतो. यंत्र तो खिचडा इमानाने सूचीत घालते. एका संस्थेने मला आपल्या स्मरणिकेची पीडीएफ मोठ्या प्रेमाने पाठवली. तिच्यात एकही मराठी शब्द शोधता येत नाही आणि त्यांना ते ठाऊकही नाही. युनिकोडमध्येही चकवे आहेतच. 'ॲप' मधला ॲ एकाच अक्षराचा असू शकतो किंवा अ वर चंद्र चढवून केलेला असू शकतो. डोळ्याला दोन्ही एकच, सूचीला दोन वेगळे शब्द वाटू शकतात.

म्हणून माझा एक नेम आहे. नवे फोल्डर सूचीत घातले की त्यातल्या दोन-चार फायली डोळ्यांनी उघडायच्या, प्रत्येकीतला एक विचित्र शब्द निवडायचा आणि तो शोधून पाहायचा. सापडला तर फाईल खरेच वाचली गेली. मी त्याला साक्षीचा शब्द म्हणतो. विचित्र अशासाठी, की 'पाणी' माझ्या निम्म्या टिपणांत आहे, त्याची साक्ष कोण धरणार? दुर्मीळ शब्दाचे वजन जास्त, हे तत्त्व कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्येच मांडले आणि आजची शोधयंत्रे त्यावर उभी आहेत.

एक सावधगिरीही सांगतो. सूची म्हणजे तुमच्या सगळ्या कागदांचा अर्क, एका फोल्डरात. मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये पडद्याची वारंवार छायाचित्रे घेऊन ती शोधता येतील अशी सोय जाहीर केली, आणि खासगीपणावरून एवढा गदारोळ उठला की ती पुढे ढकलावी लागली. तिचेही नाव रिकॉलच. कानाला दोन्ही सारखी. फरक असा की माझ्या रिकॉलला काय वाचायचे ते मी लिहून देतो, आणि सूची पुसली तरी मूळ कागद जागच्या जागी राहतात. ज्या यंत्रावर सूची आहे त्याची डिस्क कुलूपबंद ठेवा, एवढे पुरे.

परिच्छेद लिहून झाला, पण मोटेचे दोर, म्हणजे नाडा-सोंदूर, कुठे बांधतात, हे म्हातारबाबांनी सांगितलेले टिपणात नव्हते. 'नाडा' शोधला, नाही. या वेळी मी ते उत्तर जसेच्या तसे घेतले नाही. ते सांगताना त्यांनी माझ्या वहीत पेन्सिलीने मोट काढून दाखवली होती, आणि ती वही कुठल्याच यंत्राने वाचलेली नाही. स्टुलावर चढलो आणि माळ्यावरून ती खाली काढली.