वर्दी उतरल्यानंतरची दहा वर्षं

गेल्या डिसेंबरात आमच्या पलटणीच्या स्थापना दिनाला गेलो होतो. मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. मी मेसमध्ये शिरलो आणि आजचा सीओ ताडकन उठून उभा राहिला. माझ्या हाताखाली तो लेफ्टनंट म्हणून आला होता, त्याचा पहिला एसीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल, मी लिहिलेला. आज तो आठशे जवानांचा प्रमुख आहे. जेवण मांडलेलं होतं, सुरू करायचा हुकूम त्याने द्यायचा होता. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, सुरू करू या?"

मला भरून आलं, हे कबूल करतो. पण परतीच्या गाडीत तेच आठवत राहिलं. माझ्याकडे ना पद, ना शिक्का. तरी त्याने परवानगी मागितली. मी उद्या संरक्षणमंत्री झालो, तर हा माणूस मला कधी "सर, हे चुकतंय" म्हणेल का?

अमेरिकेत यासाठी कायदा आहे. 1947 साली संरक्षणमंत्र्याचं पद निर्माण झालं तेव्हाच त्यात अट घातली गेली, की वर्दी उतरवून दहा वर्षं झाल्याशिवाय कुणाही लष्करी अधिकाऱ्याला या खुर्चीवर बसता येणार नाही. महायुद्ध जिंकून आलेल्या सेनापतींची लोकप्रियता तेव्हा शिगेला होती, आणि नेमक्या त्याच वेळी तिथल्या संसदेने ही रेघ ओढली, याचं मला फार मोल वाटतं.

तीनच वर्षांत ती ओलांडावी लागली. कोरियाचं युद्ध पेटलेलं, आणि अध्यक्ष ट्रुमन यांना जॉर्ज मार्शल हवे होते. पंचतारांकित जनरल कायद्यानुसार तहहयात सेवेतच मानला जातो, म्हणजे मार्शल यांची दहा वर्षं कधी मोजायला सुरुवातच होणार नव्हती. संसदेने त्यांच्यापुरता वेगळा कायदा केला आणि त्यातच लिहून ठेवलं, की हा अपवाद आहे, यापुढे या पदावर लष्करी माणसाची नेमणूक मान्य करू नये. तो शब्द सहासष्ट वर्षं पाळला गेला. मधे 2008 साली मुदत दहावरून सातवर आली, तरी कुणी सूट मागितली नाही.

मग 2017 साली जेम्स मॅटिस आले. मरीन कोअरमधून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षंसुद्धा झाली नव्हती. सिनेटने 81 विरुद्ध 17 मतांनी सूट दिली. मॅटिस विद्वान सेनानी, त्यांच्या योग्यतेबद्दल मला शंका नाही. मला खटकलं ते सूट देण्यामागचं कारण. नव्या अध्यक्षाला आवर घालायला हा जनरल बरा, असं तेव्हा अनेकांनी उघड बोलून दाखवलं. लोकांनी निवडून दिलेल्या माणसावर अंकुश म्हणून जनरलकडे पाहायचं? मुलकी नियंत्रणाची यापेक्षा मोठी उलथापालथ मला सुचत नाही, आणि ती मॅटिस यांच्या दोषामुळे झालेली नाही.

जॅक रीड हे जुने सिनेटर तेव्हा म्हणाले होते, अशी सूट पिढीतून एकदाच द्यावी. चार वर्षांनी, 2021 साली, ती पुन्हा दिली गेली. 2016 साली निवृत्त झालेले जनरल लॉइड ऑस्टिन संरक्षणमंत्री झाले आणि रीड यांनीही सूट देण्याच्या बाजूने मत दिलं. त्यानंतर संसदेला जाग आली म्हणायची: जनरल आणि ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी मुदत पुन्हा दहा वर्षं केली, खालच्या हुद्द्यांना सातच ठेवली. हा फरक मला अचूक वाटतो. मोठ्या अधिकाऱ्याने घडवलेली, बढती दिलेली माणसं मागे जास्त उरतात.

माझे कोर्समेट हे वाचून चिडणार. "आयुष्य देशाला दिलं, आणि आता आपल्यावर विश्वास नाही?" त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की ही दहा वर्षं जनरलने लष्कर विसरावं म्हणून नाहीत, ते कुणी विसरत नाही. ती मागे राहिलेल्यांसाठी आहेत. ज्या ब्रिगेडियरचा एसीआर तुम्ही लिहिला, त्याच्या बढतीची फाइल मंत्री म्हणून तुमच्याच टेबलावर येऊ नये. तुमच्या मर्जीतला कोण आणि नावडता कोण, याची चर्चा मेसमध्ये होऊ नये.

शिवाय मुलकी मंत्र्याला गोष्ट समजावून सांगावी लागते, हे मोठं संरक्षण आहे. 1 सप्टेंबर 1965 रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. लष्करप्रमुख जनरल चौधरी विमानदलाची मदत मागायला संरक्षणमंत्र्यांकडे गेले. समोर होते देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण, आयुष्यात एक दिवस वर्दी न घातलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि परवानगी दिली. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. सेनापतीने मागायचं, लोकप्रतिनिधीने ठरवायचं आणि जबाबदारीही त्यानेच घ्यायची. तिथे मंत्री म्हणून चौधरींचाच एखादा जुना वरिष्ठ बसला असता, तर निर्णय त्याच वेगाने झाला असता कदाचित. पण मग तो लष्कराने लष्कराला दिलेला हुकूम ठरला असता.

आपल्याकडे अशी अट कुठेही लिहिलेली नाही. 2001 साली जसवंत सिंह यांच्याकडे संरक्षण खातं होतं, ते मेजर होते, पण सैन्य सोडून त्यांना तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ते योगायोगाने झालं, नियमाने नाही. दरम्यान जनरल निवडणुका लढवू लागले आहेत. व्ही. के. सिंह 2012 साली लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले आणि 2014 साली परराष्ट्र राज्यमंत्री झाले. परराष्ट्राऐवजी संरक्षण खातं मिळालं असतं, तर त्यांना अडवणारा एकही कायदा नव्हता.

म्हणून संसदेने हे आत्ताच लिहून ठेवावं, कुणाचं नाव चर्चेत नसताना. मेजर जनरल आणि त्यावरच्या हुद्द्यांना दहा वर्षं, बाकीच्यांना सात. संरक्षणमंत्री आणि संरक्षण राज्यमंत्री दोघांनाही लागू. आणि सूट द्यायचीच झाली, तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी, नावानिशी मतदान घेऊन.