युरिया कुणी टाकला?

सभासद बंधूंनो,

असं लिहायची आमची जुनी सवय. भगिनी राहून जातात. सभासद व्हायला नावावर उसाचं क्षेत्र लागतं, आणि सातबाऱ्यावर नाव सहसा मालकाचं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीधारकांत बायका जेमतेम चौदा निघाल्या.

मागं खोडव्याच्या पाहणीला एका वस्तीवर गेलो होतो. युरियाचा दुसरा हप्ता कधी दिला, असं सभासदाला विचारलं. ते घुटमळले आणि घराकडं तोंड करून म्हणाले, "अगं, खत कधी टाकलं?" आतून तारीख आली, पोती किती ते आलं, आणि "पाण्याची पाळी चुकलीया म्हणून पिवळा पडलाय, साहेबांना सांगा" हेही आलं. माझ्या वहीत मात्र नाव सभासदाचंच.

बेणं सोलणं, टिपऱ्या मांडणं, भांगलण, पाचट ओढणं, वर जनावरांची वैरण. ही कामं मजुरीनं करून घेतली तर आपण रोख पैसे मोजतो. घरच्या बाईनं केली की एकरी खर्चात शून्य! कृषिमूल्य आयोगसुद्धा उत्पादन खर्च काढताना घरच्या श्रमाची मजुरी धरतो. आपल्या वहीत ती नसते. मग भाव मागताना आपण कुठला खर्च सांगतो?

तोडणीवाल्यांत तर नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. उचल बहुधा त्याच्या हातात पडते. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला खरा, पण मजुरीच जोडीवर असेल तर तिचा वाटा किती, हे ठरवायचं कुणी? पहाटे तीन दगडांच्या चुलीवर थापलेल्या भाकरी तर कुठल्याच टनात येत नाहीत. जनगणनेतही नुसतं घरकाम करणारी बाई काम न करणाऱ्यांत मोजली जाते.

केंद्र सरकारनं २०२४ साली माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. बिनपगारी घरकामाला बायका रोज २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. आणि ही ८८ सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच सरासरी. आमच्या घरचा आकडा काढायचं धाडस मी केलं नाही.

काहीजण म्हणतील, घरच्या कामाची कसली आलीय मजुरी? मजुरी द्या असं मी म्हणत नाही. लक्ष्मीमुक्ती योजनेत सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावता येतं, त्यासाठी एकदा तलाठ्याकडं जाऊन या. लागणीच्या नोंदीला येताना खताची माहिती घरात विचारून या, म्हणजे आमची नोंद तरी खरी होईल.

ऊस पीक मेळाव्याला बायका येत नाहीत, अशी तक्रार आमच्याच विभागात होते. मेळावा सकाळी दहाला ठेवल्यावर कशा येतील? यंदा दुपारी दोनची वेळ ठेवा, असं मी शेती समितीला लेखी दिलं आहे.

— ऊस विकास अधिकारी